मॅरेथॉन, पहिली (कारंजा लाड व वऱ्हाड)

मॅरेथॉन, पहिली : 42.195 किमी.ची रस्त्यावरील शर्यत आयुष्यात प्रथमच धावणाऱ्याची तयारी आणि प्रत्यक्ष धाव. वाशीम जिल्ह्यातील कारंजा लाड आणि भोवतालचा वऱ्हाड समोर ठेवून ही नोंद केली आहे. 3, 5 किंवा 10 किमी.च्या शर्यतींनाही आपल्याकडे सर्रास मॅरेथॉन म्हणतात. येथे पूर्ण अंतरच अभिप्रेत आहे. त्याच्या निम्म्या, म्हणजे 21.0975 किमी.च्या शर्यतीला अर्धमॅरेथॉन म्हणतात. पहिल्या मॅरेथॉनला वेगापेक्षा सावकाश धावण्याची शिस्त अधिक लागते, आणि नवख्याला तीच सर्वांत उशिरा पटते.

अंतर. 1896 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये ही शर्यत सुमारे 40 किमी.ची होती. आजचे अंतर 1908 च्या लंडन ऑलिंपिकमधून आले आणि 1921 मध्ये ते कायम झाले. मॅरेथॉनच्या रणभूमीवरून अथेन्सला विजयाची वार्ता घेऊन धावलेल्या दूताची कथा बरीच नंतरची असून तिच्या ऐतिहासिकतेबद्दल मतभेद आहेत. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन 1984 पासून आहे.

महाराष्ट्र व सीमाभाग. मराठी मुलखाचा मॅरेथॉनशी संबंध शंभर वर्षांहून जुना आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर 1919 च्या सुमारास झालेल्या मैदानी स्पर्धांत शेतकरी घरांतील तरुण लांब पल्ल्याच्या शर्यती अनवाणी धावले. जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांनी त्यांच्या वेळा युरोपातील धावकांच्या तोडीच्या असल्याचे पाहिले आणि 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकला संघ पाठवण्यासाठी पुढाकार घेतला. संघात धावकांबरोबर दोन मल्लही होते. बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये 2 तास 50 मिनिटे 45 सेकंदांत 19 वे आले. ती शर्यत 42.75 किमी.ची, म्हणजे आजच्यापेक्षा अर्ध्या किलोमीटरहून लांब होती. ऑलिंपिकच्या इतिहासात याहून लांब मॅरेथॉन झाली नाही. दुसरे मराठी धावक दातार (नाव सदाशिव, काही याद्यांत ‘सदाशीर’ असेही येते) शर्यत पूर्ण करू शकले नाहीत. पहिल्याच परदेश दौऱ्यात, अनोळखी हवेत आणि अनोळखी रस्त्यावर चौगुले यांनी गाठलेला हा क्रमांक मराठी क्रीडा-इतिहासात जितका सांगितला जायला हवा तितका सांगितला जात नाही.

पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन 1983 मध्ये, तर मुंबई मॅरेथॉन 2004 मध्ये सुरू झाली. साताऱ्याची डोंगरी अर्धमॅरेथॉन यवतेश्वर घाटात होते. माण तालुक्यातील ललिता बाबर यांनी 2012 ते 2014 अशी सलग तीन वर्षे मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय स्त्रियांत पहिला क्रमांक मिळवला. परभणीच्या ज्योती गवते 2017 मध्ये तेथेच भारतीय स्त्रियांत पहिल्या आल्या. नाशिक जिल्ह्यातील कविता राऊत 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावल्या.

कारंजा परिसर. कारंजा हे नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान आणि जैन भट्टारकपीठांचे जुने गाव. शारीरिक शिक्षणाची मोठी परंपरा जवळच अमरावतीत आहे. तेथील श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना 1914 ची असून 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती.

धावण्याच्या दृष्टीने येथील जमीन काळी आहे. पावसाळ्यात पांदण रस्त्यावर बूट चिखलाने जड होतात आणि धावकाला डांबरी सडकेवर यावे लागते. गावाजवळून गेलेला समृद्धी महामार्ग गुळगुळीत असला तरी त्यावर पायी जाण्यास आणि दुचाकीस मज्जाव आहे. तेथे धावू नये. शाळेचे मैदान, कमी वर्दळीचा गावरस्ता आणि तलावाकाठची वाट या जागा चांगल्या. हंगामात पहाटेच कापसाच्या गाड्या आणि ट्रॅक्टर रस्त्यावर येतात. म्हणून समोरून येणारे वाहन दिसेल अशा बाजूने, अंगावर चमकती पट्टी लावून धावावे.

भरतीची धाव. वऱ्हाडातील गावोगावी पहाटे धावणारी मुले-मुली दिसतात ती बहुधा भरतीची. पोलीस भरतीच्या ‘ग्राउंड’साठी, म्हणजे मैदानी चाचणीसाठी, पुरुषांना 1600 मी. आणि स्त्रियांना 800 मी. धावावे लागते. ग्रामीण महाराष्ट्रातील पहिला मॅरेथॉन धावक अनेकदा याच तालमीतून येतो. त्याच्याकडे पहाटे उठण्याची सवय आणि दमाचा पाया असतो. मात्र शिट्टी वाजताच जीव तोडून सुटण्याची सवयही पायांत मुरलेली असते. 1600 मी.ला पाच-सव्वापाच मिनिटे हा किलोमीटरला सव्वातीन मिनिटांच्या आसपासचा वेग झाला. त्याच धावकाने पहिली मॅरेथॉन किलोमीटरला साडेसहा ते साडेसात मिनिटांनी धावावी, म्हणजे ती सुमारे साडेचार ते सव्वापाच तासांत पूर्ण होते. मुंबईत पूर्ण मॅरेथॉनसाठी सात तासांची मर्यादा असे. त्या हिशेबाने किलोमीटरला सुमारे 9 मिनिटे 57 सेकंद मिळतात आणि मधूनमधून चालण्यालाही वाव राहतो. धावताना सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता येत असेल तर वेग योग्य समजावा.

वर्षाचे वेळापत्रक. मे महिन्यात येथे पारा 44 अंशांपलीकडे जातो. त्या काळात चालणे आणि पहाटेची थोडी धाव एवढेच करावे. मृगाच्या पावसानंतर आठवड्यातून तीन-चार दिवस 4 ते 6 किमी. धावून पाया घालावा. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होणारी मुंबई मॅरेथॉन डोळ्यांसमोर असेल तर खरी तयारी सप्टेंबरच्या आरंभी सुरू होते. अठरा ते वीस आठवडे मिळतात. ऑक्टोबरात ऊन पुन्हा चढते आणि सोयाबीनची काढणीही त्याच वेळी येते. शेतात दिवसभर राबणाऱ्याने त्या आठवड्यांत अंतर वाढवू नये. शेतातले कष्टही शरीराच्या खात्यावर चढतात. नोव्हेंबरात एखादी अर्धमॅरेथॉन धावून पाहावी.

लांब धाव. तयारीचा कणा. आठवड्यातून एकदा, शक्यतो रविवारी. आरंभ 8–10 किमी.; दर आठवड्याला 1–2 किमी. वाढ, दर चौथ्या आठवड्याला अंतर कमी करून विसावा. आठवड्याचे एकूण अंतर एका वेळी दहा टक्क्यांहून अधिक वाढवू नये असा प्रघात आहे. त्याला शास्त्रीय आधार किती याविषयी तज्ज्ञांत एकमत नाही, पण नवख्याला आवर घालण्यास तो उपयोगी पडतो. सर्वांत लांब धाव 30–32 किमी.ची असावी. ती शर्यतीच्या तीन आठवडे आधी उरकावी आणि नंतर अंतर उतरते ठेवावे. पूर्ण 42 किमी. आधी ‘करून पाहू’ नये, कारण त्या श्रमांतून सावरण्यात शर्यतीचा दिवस येऊन ठेपतो. आठवड्याच्या उरलेल्या दिवसांत दोन-तीन सोप्या धावा, एकदा चढाची किंवा किंचित वेगाची धाव, दोनदा मांड्या व पोट यांचे व्यायाम आणि एक पूर्ण सुटी.

वाटेत पाण्याची सोय नसते. म्हणून घराजवळून जाणारा 5 किमी.चा फेरा आखावा आणि ओट्यावर बाटली ठेवावी. दर फेऱ्याला दोन-चार घोट मिळतात आणि पाय दुखू लागला तर घरही लांब नसते.

शक्ती व आहार. धावताना दर किलोमीटरला शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे सुमारे एक किलोकॅलरी खर्च होते. 60 किलो वजनाच्या धावकाला मॅरेथॉनसाठी सुमारे 2,500 किलोकॅलरी लागतात. स्नायू व यकृत यांत साठलेल्या ग्लायकोजेनमधून 1,600 ते 2,000 मिळतात. बाकीची गरज चरबीतून भागते, पण चरबी सावकाश जळते. आरंभीच वेगाने धावणारा ग्लायकोजेन लवकर संपवतो आणि 30–35 किमी.च्या दरम्यान त्याचे पाय अचानक जड होतात. धावक याला ‘वॉल लागणे’ म्हणतात. उपाय दोन : पहिला निम्मा भाग मुद्दाम सावकाश धावणे, आणि धावताना दर तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदके घेणे. मध्यम केळ्यात 25 ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात. खजूर आणि गुळाचा खडाही चालतो. पाकिटातली जेल वापरायची असेल तर लांब धावेत आधी पोटाला तिची सवय करावी.

रोजच्या जेवणात भाकरी, वरण, भात, उसळी, दूध, अंडी पुरेशी असावीत. आदल्या दिवशी भात-वरणासारखे साधे जेवण घ्यावे. ठेचा, तर्री आणि तेलकट पदार्थ टाळावेत.

पाणी. तहान लागेल तसे, थोडे थोडे. लिंबू, मीठ, साखर घातलेले पाणी चांगले. सक्तीने बेसुमार पाणी प्यायल्यास रक्तातील सोडियम घटते. त्यातून भोवळ, गोंधळ आणि प्रसंगी जिवाला धोका संभवतो. वऱ्हाडाच्या हिवाळ्यातील कोरड्या हवेत घाम लगेच वाळतो. मुंबईच्या दमट हवेत तो अंगावर राहतो आणि शरीर थंड होत नाही. म्हणून मुंबईत सरावापेक्षा किलोमीटरमागे काही सेकंद सावकाश धावावे.

दुखापती. नडगी, गुडघ्याची बाहेरची बाजू आणि टाच ही नेहमीची ठिकाणे. चालताना लंगडावे लागत असेल तर धावणे थांबवावे. वेदनाशामक गोळी घेऊन धावू नये. अशा काही गोळ्या पाणी कमी झालेल्या शरीरात मूत्रपिंडाला अपाय करतात. चाळिशीपुढील व्यक्तींनी, तसेच मधुमेह, रक्तदाब किंवा छातीत दुखण्याचा पूर्वेतिहास असलेल्यांनी तयारीपूर्वी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.

पादत्राणे. जाड तळव्याचे बूट बरे की पातळ, हा वाद चालू आहे. बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा असावी आणि शर्यतीला नवे बूट घालू नयेत.

स्त्री धावक. अंधारातल्या मोकळ्या रस्त्यावर एकटीने धावणे अनेकींना शक्य होत नाही; मैदानावरचे फेरे आणि दोघी-तिघींची सोबत हाच मार्ग उरतो. गावातील मैदान पहाटे उघडे व उजेडात ठेवणे ही त्यांच्या तयारीची पहिली गरज आहे. हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. ते कमी असता सराव वाढवूनही दम वाढत नाही.

शर्यतीचा दिवस. कारंज्याहून मूर्तिजापूरला जाऊन रेल्वेने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरता येते. मुंबईची पूर्ण मॅरेथॉन तेथूनच सुटते. एक दिवस आधी पोहोचावे. बिब (धावकाच्या क्रमांकाची पट्टी) आदल्या रात्रीच शर्टाला चार सेफ्टी पिनांनी लावून ठेवावा. काखा, जांघा आणि स्तनाग्रे यांना व्हॅसलिन लावावे. तिसऱ्या तासानंतर घामाच्या मिठाने कातडी सोलते. सुटताना गर्दीबरोबर पळण्याचा मोह होतो. पहिले 5 किमी. मुद्दाम सर्वांना पुढे जाऊ द्यावे. मुंबईच्या मार्गावरील पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर, पाय थकलेले असताना येतो. तो चालत चढला तरी शर्यतीत काही उणे होत नाही.

नंतर. अंतिम रेषेनंतर लगेच बसू नये. दहा-पंधरा मिनिटे चालावे, खावे, कोरडे कपडे घालावेत. पहिला आठवडा धावू नये. पुढील दोन-तीन आठवडे हलकी धाव. पहिल्या मॅरेथॉनचे यश घड्याळातील वेळेवरून ठरवू नये. धावक महिन्याभरात दुखण्याविना, आपल्या आवडीने पुन्हा धावू लागला, तर त्याची तयारी योग्य झाली असे मानावे.