पन्नास, पंचवीस, दहा: पिस्तूल नेमबाजीतील अंतरांचा इतिहास

पिस्तूल नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा मुख्यतः 50 मीटर, 25 मीटर आणि 10 मीटर या तीन अंतरांवर घडत आल्या आहेत. ही अंतरे कोणा एका समितीने एका बैठकीत ठरवली नाहीत. द्वंद्वयुद्धाचे मैदान, लष्करी सराव आणि युरोपीय शहरांतील बंदिस्त नेमबाजी-दालने अशा निरनिराळ्या ठिकाणांहून ती खेळात आली आणि आपापल्या उगमाच्या काही खुणा त्यांनी नियमांत शिल्लक ठेवल्या. लक्ष्य जवळ आले की काम सोपे होते असा बाहेरून पाहणाऱ्याचा समज होतो, परंतु नियमपुस्तकातील मापे त्याला फारसा दुजोरा देत नाहीत, कारण अंतर घटले तेव्हा वर्तुळेही लहान करण्यात आली आणि जिथे ती मोठी राहिली तिथे नेमबाजाचा वेळ कापण्यात आला.

हे समजण्यासाठी आधी शस्त्राची रचना पाहिली पाहिजे. रायफलीला खांदा, गाल आणि दोन्ही हात यांचा आधार मिळतो, तर स्पर्धेतील पिस्तूल एकाच पसरलेल्या हाताने, कशालाही न टेकता धरावे लागते. नेम धरण्यासाठी त्यावर मागे खाच असलेली एक पट्टी आणि पुढे एक उभी पाती असते, ज्यांना नेमबाज मागची साइट आणि पुढची साइट म्हणतात. पातीचा माथा खाचेच्या दोन्ही कडांशी समपातळीत आणि बरोबर मधोमध दिसला पाहिजे, आणि ही जुळलेली आकृती लक्ष्यावर योग्य जागी आली पाहिजे. या दोन अटींतील चुका सारख्या वजनाच्या नसतात. साइट एकमेकींशी जुळलेल्या राहून सबंध हात थोडा सरकला, तर गोळीही साधारण तेवढीच सरकते. परंतु साइटची आपसातील जुळणी बिघडली, तर चूक कोनाची होते आणि अंतराच्या प्रमाणात वाढत जाते. 25 मीटरच्या स्पर्धांत दोन साइटमधील अंतर 220 मिलिमीटरपेक्षा जास्त असू नये असा नियम आहे. अशा पिस्तुलाची पुढची पाती केवळ एक मिलिमीटर बाजूला दिसत असताना गोळी सुटली, तर ती 10 मीटरवर सुमारे 45 मिलिमीटर, 25 मीटरवर सुमारे 114 मिलिमीटर आणि 50 मीटरवर सुमारे 227 मिलिमीटर भरकटते, म्हणजे 50 मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांच्या वर्तुळातून थेट कडेच्या एक-दोन गुणांच्या पट्ट्यात जाते. म्हणूनच पिस्तूल शिकणाऱ्याला नजर पुढच्या साइटवर ठेवायला आणि लक्ष्य धूसर दिसू द्यायला शिकवतात. हाताचा कंप कोणालाच पूर्णपणे थांबवता येत नाही. तो चालू असताना साइट न बिघडवता चाप सावकाश मागे घेणे, एवढेच शिकता येते.

अठराव्या शतकातील पिस्तुलांकडून असल्या सूक्ष्मतेची अपेक्षाच नव्हती. द्वंद्वयुद्धाच्या इंग्लंडमधील रिवाजात नळी आतून गुळगुळीत असणे शिष्टसंमत मानले जाई, तर युरोप खंडात पेचदार आटे पाडलेल्या नळ्याही चालत. हे आटे गोळीला स्वतःभोवती फिरवतात आणि त्या फिरकीमुळे ती सरळ मार्ग सोडत नाही. अंतर मात्र सगळीकडेच बेताचे असे. 17 ऑगस्ट 1780 रोजी कलकत्त्यात अलीपूरला गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज आणि त्याच्याच मंडळाचा सदस्य फिलिप फ्रान्सिस चौदा पावलांवरून एकमेकांसमोर उभे राहिले, ते अंतर आजच्या हवाई पिस्तुलाच्या 10 मीटरच्या आसपास भरते. फ्रान्सिस जखमी झाला, परंतु वाचला. या दोघांचे वैर जुने असले तरी ते त्या सकाळपर्यंत पोहोचले ते मराठ्यांशी चाललेल्या युद्धाच्या धोरणावरून: युद्धाच्या कामात आडवे न येण्याचा शब्द फ्रान्सिसने मोडला, असा हेस्टिंग्जचा आरोप होता. पुण्याच्या दरबाराशी निगडित असलेला हा तंटा पिस्तुलाच्या इतिहासात सहसा नोंदला जात नाही, हे थोडे नवलाचेच आहे. द्वंद्वाच्या पिस्तुलाने पुढच्या खेळाला दिलेली महत्त्वाची देणगी म्हणजे अत्यंत हलका चाप. आधी एक कळ दाबून यंत्रणा ताणून ठेवायची आणि मग बोटाच्या नुसत्या स्पर्शाने गोळी सोडायची, ही योजना पुढे 50 मीटरच्या पिस्तुलांत विसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत आणि त्यानंतरही टिकून राहिली.

एकोणिसाव्या शतकात द्वंद्वाची भीती ओसरत गेली, पण त्याचा सराव मागे उरला. पॅरिसमध्ये गास्तिन रेनेत या शस्त्रकारांच्या दालनात प्रतिष्ठित मंडळी पुठ्ठ्याच्या लक्ष्यांवर नेम साधत असत. 1845 मध्ये लुई निकोला फ्लोबेर याने अत्यल्प शक्तीचे छोटे काडतूस तयार केले आणि बंद खोलीतही नेमबाजी करता येऊ लागली. स्मिथ अँड वेसन कंपनीने 1857 मध्ये आणलेले .22 शॉर्ट आणि 1887 मधले .22 लाँग रायफल ही काडतुसे याच कुळातली असून आजही 25 आणि 50 मीटरची पिस्तुले यांपैकी दुसऱ्यावर, म्हणजे 5.6 मिलिमीटर व्यासाच्या गोळीवर चालतात. अमेरिकेच्या सीमाभागातील गोळीबाराच्या कथांनी लोकांच्या मनात निराळेच चित्र उभे केले आहे. परंतु 21 जुलै 1865 रोजी मिसूरीतील स्प्रिंगफील्ड येथे वाइल्ड बिल हिकॉकने डेव्हिस टट याला सुमारे 75 यार्डांवरून, म्हणजे जवळजवळ 69 मीटरवरून टिपले, ही घटना प्रसिद्ध झाली ती अशा अंतरावर पिस्तुलाने नेम लागणे त्या काळीही दुर्मिळ होते म्हणूनच. द्वंद्वाचा खेळातील अंश काही वर्षे उघडपणे टिकला. 1906 मध्ये अथेन्सला झालेल्या स्पर्धांत द्वंद्व-पिस्तुलाचे प्रकार होते, त्यांपैकी 20 मीटरच्या प्रकारात कोट घातलेल्या पुतळ्यावर नेम धरायचा होता, तर 1908 मध्ये लंडनला मेणाच्या गोळ्यांनी द्वंद्वाचे प्रात्यक्षिक दाखवण्यात आले.

आधुनिक ऑलिंपिकच्या पहिल्याच पर्वात, 1896 मध्ये, अथेन्सजवळ कालिथिया येथे पिस्तुलाच्या तीन स्पर्धा झाल्या आणि त्यांतील अंतरे 25 व 30 मीटरची होती. अमेरिकेच्या जॉन पेन या नेमबाजाने 25 मीटरची लष्करी पिस्तूल स्पर्धा 442 गुणांनी जिंकली, तेव्हा त्याचा भाऊ सम्नर 380 गुणांसह दुसरा आला; त्यानंतर 30 मीटरच्या स्पर्धेत जॉन उतरला नाही आणि सम्नरने ती जिंकली, योगायोगाने 442 गुणांनीच. तिसरी, जलदगती स्पर्धा ग्रीसच्या इओआनिस फ्रांगुदिसकडे गेली. 30 मीटरचे अंतर लवकरच मागे पडले. 1900 मध्ये पॅरिसला 50 मीटरवर 60 गोळ्यांची स्पर्धा झाली, ती स्वित्झर्लंडच्या कार्ल रोडररने 600 पैकी 503 गुणांनी जिंकली, आणि 1907 मध्ये झुरिच येथे आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटना स्थापन झाल्यावर तेच अंतर अचूकतेची कसोटी म्हणून रूढ झाले.

50 मीटरच्या या प्रकाराला फ्री पिस्तूल म्हणत, कारण त्यात शस्त्रावर जवळजवळ बंधने नव्हती: नळी हवी तेवढी लांब, साइटमधील अंतर हवे तेवढे, चापाचे वजन काही ग्रॅमपर्यंत उतरवलेले आणि मूठ नेमबाजाच्या हाताला सर्व बाजूंनी वेढणारी. एका वेळी एकच काडतूस भरायचे, साठ वेळा भरायचे, आणि त्यासाठी दीड-दोन तासांचा अवधी मिळायचा. दहा गुणांचे वर्तुळ 50 मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे अंतराच्या एक हजारांश एवढे असे. उघड्या मैदानावरचा वारा आणि बदलता प्रकाश यांचा हिशेब निराळा ठेवावा लागे. स्वीडनच्या टॉर्स्टन उलमन यांनी 1936 मध्ये बर्लिनला 559 गुण मिळवले, सोव्हिएत संघाच्या अलेक्सांद्र मेलेंत्येव यांनी 1980 मध्ये मॉस्कोत 581 गुणांचा जागतिक विक्रम केला, आणि तो तब्बल 34 वर्षे अबाधित राहिला. दक्षिण कोरियाच्या जिन जाँग-ओ यांनी 2014 मध्ये ग्रानाडाला 583 गुण नोंदवून तो मोडला, तोही अवघ्या दोन गुणांनी. रोडररपासून मेलेंत्येवपर्यंतच्या ऐंशी वर्षांत 78 गुणांची वाढ झाली होती. त्यापुढची वाट जवळजवळ बंद असल्याचे हे आकडे दाखवतात.

25 मीटरचा इतिहास वेगळ्या वळणाने गेला. या अंतराला लष्करी सेवेतील पिस्तुलाचा वारसा होता आणि लष्करी उपयोगात वेळ हाच निर्णायक घटक असल्याने या स्पर्धांचे मोजमापही सेकंदांत होऊ लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर रूढ झालेल्या जलदगती प्रकारात शेजारीशेजारी उभ्या पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या आधी 8, मग 6 आणि शेवटी 4 सेकंदांत झाडायच्या असतात. या प्रकारातील सर्वांत विलक्षण नाव हंगेरीच्या कारोय टाकाच यांचे आहे. सैन्यात असताना 1938 मध्ये हातबॉम्बच्या स्फोटात त्यांचा उजवा हात निकामी झाला. त्यांनी डाव्या हाताने नेमबाजी नव्याने शिकून घेतली आणि 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये 580 गुणांच्या जागतिक विक्रमासह सुवर्णपदक जिंकले, जे त्यांनी 1952 मध्ये हेलसिंकीला पुन्हा मिळवले. त्यांच्या काळातील लक्ष्ये मानवाकृती होती. 1988 च्या सोल ऑलिंपिकनंतर त्यांच्या जागी गोल लक्ष्ये आली आणि खेळातील लष्करी खुणांपैकी सर्वांत ठळक खूण पुसली गेली. 2005 पासून .22 शॉर्ट काडतूस व त्यासाठीची खास हलकी पिस्तुले बाद करून किमान एक किलोग्रॅम वजनाचा चाप सक्तीचा करण्यात आला, त्यामुळे चार सेकंदांची मालिका आणखी अवघड झाली. याच नव्या नियमांखाली 2012 मध्ये लंडनला भारतीय सैन्यातील विजय कुमार यांनी रौप्यपदक मिळवले. त्या अंतिम फेरीत गुणांची बेरीज होत नव्हती, 9.7 वा त्याहून सरस गोळी लागली तर एक, नाहीतर शून्य, असा हिशेब होता.

महिलांची 25 मीटर स्पर्धा 1984 मध्ये ऑलिंपिकमध्ये दाखल झाली. तिच्यात या अंतराचे दोन्ही स्वभाव एकत्र आले आहेत: पहिल्या तीस गोळ्या 50 मीटरच्याच लक्ष्यावर शांतपणे, आणि उरलेल्या तीस 100 मिलिमीटरच्या दहाच्या वर्तुळावर, जिथे लक्ष्य तीनच सेकंद समोर येते आणि तेवढ्यात खाली झुकलेला हात वर आणून एक गोळी झाडावी लागते.

10 मीटरचे हवाई पिस्तूल हे या कुटुंबातील सर्वांत धाकटे. दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या या शस्त्रातून 4.5 मिलिमीटरचा शिशाचा छर्रा सुटतो, आवाज आणि धक्का नाममात्र असतो, आणि जाड भिंतींच्या लांबलचक मैदानाऐवजी एखादे दालन पुरते. 1988 मध्ये सोलला हा प्रकार ऑलिंपिकमध्ये आला. त्यातील दहाचे वर्तुळ 11.5 मिलिमीटरचे, म्हणजे सदऱ्याच्या गुंडीएवढे असते. 50 मीटरच्या वर्तुळाच्या निव्वळ प्रमाणात ते 10 मिलिमीटर भरले असते, तेव्हा वर्तुळाच्या मापात दिलेली सवलत अगदीच थोडी आहे. मात्र रेषेला छर्ऱ्याची कड लागली तरी वरचा गुण मिळत असल्याने आणि एवढ्या लहान वर्तुळाच्या मानाने छर्रा जाड असल्याने प्रत्यक्षात ती वाढते. किती, याचा अंदाज जिन जाँग-ओ यांच्याच दोन विक्रमांवरून येतो: 60 गोळ्यांत 50 मीटरवर 583, आणि 10 मीटरवर 594.

2008, 2012 आणि 2016 अशी सलग तीन ऑलिंपिक जिन यांनी 50 मीटरमध्ये जिंकली, आणि त्यानंतर तो प्रकारच ऑलिंपिकमधून वगळण्यात आला. स्त्री-पुरुषांना समान संधी देण्याच्या धोरणानुसार पुरुषांचे काही प्रकार कमी करून मिश्र दुहेरी आणताना जे बळी गेले, त्यांत जवळजवळ ऑलिंपिकइतकेच जुने म्हणावे असे हे अंतरही होते. धोरण योग्य होते. परंतु 50 मीटरवर महिलांची स्पर्धा सुरू करण्याचा पर्यायही होता, आणि तो न निवडण्यामागे जागा, खर्च व प्रेक्षणीयता यांचा विचार अधिक असावा असे मानायला वाव आहे.

भारतात या खेळाला संघटित रूप मिळाले ते 1951 मध्ये राष्ट्रीय रायफल संघटनेच्या स्थापनेने, आणि तिचे संस्थापक अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळणकर; त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा आजही राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीची पायरी मानली जाते. 4.5 मिलिमीटरच्या कमी शक्तीच्या हवाई पिस्तुलाला शस्त्रपरवाना लागत नसल्याने 10 मीटरचा प्रकार लहान शहरांतही पसरला. .22 च्या पिस्तुलाला परवाना, काडतुसे आणि सुरक्षित मैदान या तिन्ही गोष्टी लागतात, म्हणून 25 मीटरच्या नेमबाजांची संख्या सर्वत्र तुलनेने थोडीच राहिली. महाराष्ट्राने नेमके याच अवघड अंतरावर नाव कमावले, हे लक्षणीय आहे. 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत महिलांच्या 25 मीटर प्रकारात पुण्याच्या अनिसा सय्यद यांनी सुवर्ण आणि कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी रौप्य मिळवले, तर 2014 मध्ये ग्लासगोला हाच क्रम उलटा झाला. राही सरनोबत यांनी 2013 मध्ये चांगवॉनला विश्वचषकाचे सुवर्ण मिळवले होते. 22 ऑगस्ट 2018 रोजी पालेंबांग येथे आशियाई स्पर्धेच्या अंतिम फेरीत त्या आणि थायलंडची प्रतिस्पर्धी 34 गुणांवर बरोबरीत राहिल्या, पहिल्या शूट-ऑफमध्येही, म्हणजे बरोबरी सोडवण्यासाठीच्या पाच गोळ्यांच्या जादा मालिकेतही निकाल लागला नाही, आणि दुसऱ्या मालिकेनंतर आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण जिंकणारी पहिली भारतीय महिला म्हणून त्यांचे नाव नोंदले गेले.