काडतुसांची साठवण

काडतुसांची साठवण म्हणजे परवान्यावर बाळगलेल्या शस्त्राची काडतुसे कोरड्या, थंड व कुलूपबंद जागी ठेवणे होय. दारू सादळल्यास काडतूस उडत नाही. कधी गोळी नळीतच अडकते व पुढचा बार नेमबाजाच्या जिवावर बेतू शकतो. ब्रिटिशकालीन भारतात तबेल्यांत ठेवलेल्या काडतुसांच्या पितळी कवचांना पावसाळ्यात तडे जात. ओलावा व घोड्यांच्या मूत्रातील अमोनिया हे त्याचे कारण १९२१ मध्ये स्पष्ट झाले. पुण्यात कोथरूडसारख्या भागात जून ते सप्टेंबर हवा दमट असते. त्यामुळे काडतुसे चामडी पट्ट्यात न ठेवता सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवतात. शस्त्र नियम, २०१६ नुसार परवानाधारकाला सुरक्षित साठवणीची लेखी हमी द्यावी लागते.