जम्मू व काश्मीरची राजचिन्हे

भारतीय संघराज्यात संविधानाने मान्य केलेला स्वतंत्र ध्वज असलेले जम्मू व काश्मीर हे एकमेव घटक राज्य होते. राज्याच्या संविधान सभेने ७ जून १९५२ रोजी स्वीकारलेला हा ध्वज लाल रंगाचा व आयताकृती असून त्याच्या लांबी-रुंदीचे प्रमाण ३ : २ होते. ध्वजदंडालगत सारख्या रुंदीचे तीन उभे पांढरे पट्टे व मध्यभागी पांढरा नांगर असे. नांगराचे रुमणे पट्ट्यांच्या बाजूस वळलेले होते. पट्टे जम्मू, काश्मीर व लडाख या तीन विभागांचे द्योतक मानले जात.

या ध्वजाचे मूळ राजघराण्यात नव्हे, तर राजसत्तेविरुद्धच्या चळवळीत आहे. शेख मुहंमद अब्दुल्ला यांच्या मुस्लिम कॉन्फरन्सचे १९३९ मध्ये नॅशनल कॉन्फरन्समध्ये रूपांतर झाले आणि लाल पार्श्वभूमीवरील पांढरा नांगर हे पक्षाच्या ध्वजाचे चिन्ह ठरले. डोग्रा राजवटीत काश्मीर खोऱ्यातील शेतकरी बहुतांशी कूळ होता. त्यामुळे नांगर हे केवळ अलंकरण नव्हते. पक्षाच्या १९४४ च्या ‘नया काश्मीर’ जाहीरनाम्यात जमीनदारी नष्ट करण्याचे वचन होते. ते १९५० च्या कायद्याने बव्हंशी पाळले गेले : जमीनधारणेची मर्यादा २२·७५ एकर ठरली आणि जादा जमीन, फळबागा वगळून, कसणाऱ्यांकडे गेली. पुढे संविधान सभेने जमीनदारांना भरपाईही नाकारली.

पक्षाचे चिन्ह थोड्या फरकाने राज्याचे झाले, ही मात्र या ध्वजाची अंगभूत उणीव म्हणावी लागेल. खोऱ्यात जो मुक्तीची खूण वाटे, तो जम्मूतील अनेकांना एका पक्षाच्या वर्चस्वाची खूण वाटला. जुलै १९५२ च्या दिल्ली करारात, राज्याचा ध्वज राष्ट्रध्वजाचा प्रतिस्पर्धी नाही व तिरंग्याचे स्थान येथेही अन्यत्र आहे तेच राहील, असे मान्य झाले. तथापि तेवढ्याने समाधान झाले नाही. प्रजा परिषदेच्या आंदोलनात एकच संविधान, एकच प्रमुख व एकच निशाण ही मागणी अग्रभागी होती. तिला पाठिंबा देण्यासाठी परवान्याशिवाय राज्यात गेलेले श्यामाप्रसाद मुखर्जी २३ जून १९५३ रोजी श्रीनगर येथे स्थानबद्धतेत मरण पावले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शेख अब्दुल्लाही पदच्युत होऊन अटकेत गेले. ध्वज मात्र टिकला. २६ जानेवारी १९५७ पासून पूर्णतः अंमलात आलेल्या राज्यघटनेच्या कलम १४४ मध्ये त्याचे वर्णन समाविष्ट झाले.

निसर्गातून घेतलेल्या चिन्हांबाबत असा वाद उद्भवला नाही. हांगुल हा लाल हरणाच्या गटातील प्राणी मुख्यतः श्रीनगरजवळील दाचीगामच्या अरण्यात उरला आहे. चिनार वृक्षाची मोठ्या प्रमाणावर लागवड मोगल काळात झाली. काळ्या मानेचा क्रौंच हा राज्यपक्षी मात्र लडाखचा. भारतात त्याची वीण तेथील उंच पाणथळ प्रदेशातच होते.

५ ऑगस्ट २०१९ रोजी राज्याचा विशेष दर्जा संपुष्टात आला. त्याच महिन्यात श्रीनगरच्या सचिवालयावरून राज्यध्वज उतरविण्यात आला आणि ३१ ऑक्टोबर रोजी राज्याचे जम्मू व काश्मीर आणि लडाख असे दोन केंद्रशासित प्रदेश झाले. तीन पट्ट्यांनी सूचित होणारा प्रदेश अशा रीतीने विभागला गेला. लडाखने २०२१ मध्ये हिमबिबळ्यास प्रदेशाचा प्राणी व काळ्या मानेच्या क्रौंचास प्रदेशाचा पक्षी म्हणून घोषित केले.