यवतमाळात बसून संपादकाला ‘पिच’ कसं पाठवायचं? आणि आयडिया चोरीला गेली तर?

‘आदरणीय महोदय, मला लेखनाची आवड असून आपल्या नामांकित माध्यमात संधी मिळावी ही विनंती.’ असा मेल तुम्हीही कधीतरी पाठवला असेल. उत्तर आलं नसेल. कारण हे पिच नाही, हा अर्ज झाला. पिच म्हणजे एका ठरावीक कामाचा प्रस्ताव. गोष्ट ही आहे, ती मी अशी करणार, एवढ्या दिवसांत देणार. बस.

बहुतेकांची गाडी अडकते ती विषय आणि गोष्ट यांतल्या फरकात. ‘यवतमाळचा कापूस’ हा विषय आहे, त्यावर हजार लेख येऊन गेलेत. नागपूरचे पत्रकार जयदीप हार्डीकर यांनी याच जिल्ह्यातल्या हिवरा गावचा एकच कापूस उत्पादक शेतकरी घेतला आणि त्याच्यावर ‘रामराव’ हे अख्खं इंग्रजी पुस्तक लिहिलं. ते २०२१ मध्ये आलं. विषय तोच जुना, पण माणूस एक, गाव एक. संपादक हे विकत घेतो.

आता तुम्ही म्हणाल, यवतमाळच्या पोराला मुंबई-दिल्लीत कोण विचारतं? पण २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, २०१८ मध्ये टी-१ वाघीण मारली गेली, तेव्हा सगळ्या देशाचे पत्रकार इथेच आले होते. त्यांना गाडी करून यावं लागतं, तुम्ही तिथेच राहता. मेलमध्ये तुमच्या पदवीपेक्षा हे जास्त वजनदार आहे.

समजा, तुम्ही टिपेश्वर अभयारण्यालगतच्या गावांत फिरलात आणि एक गोष्ट सापडली. मग मेल साधारण असा असावा :

विषय : पिच – वाघाच्या भीतीने उशिरा सुरू होणारी कापूस वेचणी, पांढरकवडा

‘नमस्कार, टिपेश्वरलगतच्या गावांत मजूर बाया आता उन्हं वर आल्याशिवाय वेचायला जात नाहीत. मजुरी किलोवर असल्याने रोजची कमाई घटते. तीन गावांत जाऊन मी बायांशी बोललो आहे, वनखात्याची बाजू घ्यायची आहे. १,२०० शब्द आणि आठ फोटो दहा दिवसांत देऊ शकतो. आधीच्या दोन कामांच्या लिंक खाली आहेत.’

एवढंच. मोबाईलच्या एका स्क्रीनवर मावतं. संपादकाचं नाव माहीत असेल तर ते टाका, आणि पांढरकवडा कुठे आहे हे त्याला ठाऊक नसेल असं धरून अर्धं वाक्य खर्च करा. अख्खा लेख आणि वीस एमबीचे फोटो जोडू नका. आठवडाभरात उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा, मग दुसरीकडे पाठवा. संपादकाला व्हॉट्सॲपवर रोज ‘सर, बघितलं का?’ करणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा.

आता मुख्य भीती. आयडिया ढापली तर?

इथे कायदा तुमच्या मदतीला फारसा येत नाही. आर. जी. आनंद नावाच्या नाटककाराने आपलं ‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक एका निर्मात्याला वाचून दाखवलं होतं. म्हणजे पिचच की. पुढे १९५६ मध्ये त्याच निर्मात्याचा ‘न्यू दिल्ली’ सिनेमा आला, आनंद यांना तो आपल्या नाटकावरून उचललेला वाटला आणि ते कोर्टात गेले. १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांच्या विरोधात निकाल दिला. कल्पना, विषय, कथासूत्र यांवर कॉपीराइट नसतो, तो मांडणीवर असतो. म्हणून पिचमध्ये गोष्ट सांगा, पण माणसांची नावं, नंबर, कागदपत्रं स्वतःकडे ठेवा. नुसत्या कल्पनेवरून तुमच्यासारखी स्टोरी करायला दुसऱ्याला त्या तीन गावांत जावंच लागेल.

होकार आला की मात्र सगळं मेलवर घ्या. फोनवर ‘बघू, देऊ’ म्हणाले असतील तर तेच लगेच मेल करून लिहा, ‘आपल्या बोलण्याप्रमाणे मानधन एवढं, तारीख ही, पैसे अमुक दिवसांत.’ हक्कांचंही विचारा. फ्रीलान्सरने लिहिलेल्या लेखाचा कॉपीराइट आधी लेखकाचाच असतो. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. त्या कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर पाच वर्षं धरली जातात. फोटोवाल्यांनी जरा जपून, कारण पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळं काही ठरलेलं नसेल तर, पैसे देणारा असतो. लग्नाचे फोटो काढणाऱ्यांनाही हे लागू आहे.

पैसे अडकले तर? आधार आणि पॅनवर ‘उद्यम’ नोंदणी मोफत होते आणि सेवा देणारा एकटा माणूसही ती करू शकतो. काम घेण्याआधीच करून ठेवा. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार लेखी ठरलं असलं तरी ग्राहकाला ४५ दिवसांपेक्षा जास्त थांबवता येत नाही, आणि काहीच ठरलं नसेल तर मुदत १५ दिवसांची. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. तक्रार सरकारी पोर्टलवर ऑनलाइन करता येते. तिथे पुरावा म्हणून तुमचे ते मेल आणि बिलच जोडायचे असतात.