जेपींचे यंत्र

डायलिसिस हा शब्द आमच्या घाटंजीकडे आधीच्या पिढीने ऐकला तो बहुधा जयप्रकाशजींच्या आजारामुळे. आणीबाणीत, २६ जून १९७५ च्या पहाटे त्यांना दिल्लीत अटक झाली. पुढे चंदीगडच्या रुग्णालयात स्थानबद्ध ठेवले. नोव्हेंबरात सुटले तेव्हा मूत्रपिंडे निकामी झाली होती. मुंबईच्या जसलोकमध्ये यंत्रातून रक्त धुणे सुरू झाले, ते अखेरपर्यंत.

यंत्र घरी हवे, तर पैसा हवा. इंदिराबाईंनी पंतप्रधान निधीतून ९० हजार रुपये धाडले, जेपींनी ते परत केले. मग लोकांकडून रुपया-रुपया जमवला गेला. हट्टच म्हणा; मला तो समजतो.

या यंत्राची जन्मकथाही कैदेशी जोडलेली आहे, श्रोतेहो. विलेम कोल्फ यांनी ते १९४३ साली जर्मनव्याप्त हॉलंडमध्ये बनवले. सॉसेजसाठीची सेलोफेनची नळी फिरत्या पिंपाला गुंडाळली, एवढीच सामग्री! आधीचे बहुतेक रोगी दगावले. १९४५ मध्ये वाचली ती ६७ वर्षांची बाई, नाझींना साथ दिली म्हणून तुरुंगात असलेली. गावाला ती नकोशी होती. कोल्फ यांनी तिला यंत्र लावले.

जेपींनी डायलिसिस सांभाळून १९७७ चा प्रचार केला. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी ते पाटण्यात वारले.