पहिला क्रमांक कोणाचा?

चार रसिक एकत्र जमले आणि गायकांची गोष्ट निघाली कीं, थोड्याच वेळांत श्रेष्ठकनिष्ठतेचा वाद सुरू होतो. हा वाद गाण्याइतकाच जुना आहे. परंतु लोकांच्या आवडीला आंकड्यांनीं क्रम लावावा आणि तो दर आठवड्याला छापून प्रसिद्ध करावा, ही चाल मात्र विसाव्या शतकाची होय. रॉक आणि पॉप या नांवांनीं ओळखल्या जाणाऱ्या पाश्चात्त्य संगीताचा इतिहास तर या क्रमवारीवांचून सांगतांच येत नाहीं. हे क्रम कोणीं, कोणाला विचारून आणि कोणत्या रीतीनें लावले, हें पाहिलें म्हणजे त्यांचें खरें मोल ध्यानीं येतें.

अमेरिकेंत 'बिलबोर्ड' या व्यापारी नियतकालिकानें २७ जुलै १९४० च्या अंकांत दुकानांतील विक्रीवरून ध्वनिमुद्रिकांची यादी दिली. तींत पहिलें स्थान टॉमी डॉर्सी यांच्या वाद्यवृंदाच्या एका गीताला मिळालें होतें. गायक होता तरुण फ्रँक सिनाट्रा. इंग्लंडांत ही चाल बारा वर्षांनीं आली. लंडनच्या 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस' या साप्ताहिकाचें जाहिरातींचें काम पाहणारे पर्सी डिकिन्स यांनीं सुमारें वीस दुकानदारांना दूरध्वनि केला, अधिक खपलेल्या ध्वनिमुद्रिकांचीं नांवें विचारलीं आणि त्यांच्या उत्तरांना गुण देऊन बेरीज मांडली. १४ नोव्हेंबर १९५२ रोजीं ही यादी छापली गेली. क्रमांक बारा आणि गाणीं मात्र पंधरा. कारण कांहींचे गुण सारखे पडले होते! अग्रस्थानीं अल मार्टिनो हा अमेरिकन गायक होता. विसांच्या सांगण्यावरून साऱ्या राष्ट्राची आवड ठरली, आणि राष्ट्रानें ती निमूटपणें मान्य केली.

योगायोग असा कीं, त्याच वर्षाच्या डिसेंबरांत भारतीय श्रोत्यांपुढेंहि हाच प्रकार आला. त्या वेळचे नभोवाणीमंत्री डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे शास्त्रीय संगीताचे कट्टे अभिमानी. त्यांनीं आकाशवाणीवरील चित्रपटगीतांना आळा घातला होता. तेव्हां मुंबईंत ध्वनिमुद्रित होऊन कोलंबोस जाणारा 'बिनाका गीतमाला' हा कार्यक्रम सिलोन नभोवाणीवरून ऐकूं येऊं लागला. आरंभीं अमीन सायानी सात गीतें ऐकवीत, आणि त्यांचा क्रम श्रोत्यांनीं लावून पाठवावयाचा असे. एकीकडे लोकांनीं काय ऐकावें हें ठरविणारा मंत्री, आणि दुसरीकडे आपली आवड पोस्टानें कळविणारे श्रोते! खुद्द मंत्र्यांच्या महाराष्ट्रांतहि बुधवारच्या रात्रीं घरोघर कौल कोणत्या बाजूला पडे, हें सांगणें नकोच.

मोजणी म्हटली म्हणजे ती निर्विवाद असावी अशी आपली समजूत असते. बीटल्सच्या 'प्लीज प्लीज मी' या गीताची हकीकत तिला छेद देते. १९६३ च्या आरंभीं तें दोन प्रमुख साप्ताहिकांच्या याद्यांत पहिलें आलें. 'रेकॉर्ड रिटेलर' या व्यापारी पत्राच्या यादींत मात्र तें दुसऱ्या स्थानापुढें गेलें नाहीं. पुढें इंग्लंडच्या अधिकृत इतिहासासाठीं १९६० नंतरच्या काळापुरती याच पत्राची यादी ग्राह्य धरली गेली. आणि ज्या गीतानें देश दणाणून सोडला होता, तें अधिकृत दप्तरांत आजहि दुसरेंच राहिलें आहे.

अमेरिकेंतील उदाहरण याहून बोलकें आहे. १९९१ पर्यंत आल्बमच्या क्रमवारीसाठीं दुकानदार आपल्याच अंदाजानें काय अधिक खपलें तें कळवीत. त्या वर्षीं २५ मेच्या अंकापासून 'बिलबोर्ड'नें अंदाज सोडून विक्रीच्या वेळीं यंत्रानें टिपलेली प्रत्यक्ष नोंद घेतली. महिन्याभरांतच कॉम्प्टन येथील कृष्णवर्णीय तरुणांच्या 'एन. डब्ल्यू. ए.' या रॅप-मंडळीचा आल्बम अग्रभागीं आला. सप्टेंबरांत ग्रामीण ढंगाचीं गीतें गाणारा गार्थ ब्रुक्स आपल्या नव्या आल्बमसह एकदम पहिल्या स्थानीं उतरला. हे श्रोते कांहीं एका रात्रींत जन्मले नव्हते. ते पूर्वींपासून पैसे मोजून गाणीं घेत होते. त्यांना पुरतें मोजणारें मात्र कोणी नव्हतें.

खपाला गुण मानूं नये, जाणकारांना विचारावें, असें कोणी म्हणेल. तोहि प्रयोग झाला आहे. 'रोलिंग स्टोन' या अमेरिकन नियतकालिकानें २००३ मध्यें कलावंत, समीक्षक व व्यावसायिक यांचीं मतें घेऊन पांचशें श्रेष्ठ आल्बमांची यादी केली. तींत बीटल्सचा 'सार्जंट पेपर' पहिला आणि मार्व्हिन गे यांचा 'व्हॉट्स गोइंग ऑन' सहावा होता. २०२० मध्यें नव्या पिढीच्या मतदारांना विचारून यादी नव्यानें केली, तेव्हां मार्व्हिन गे पहिले झाले आणि 'सार्जंट पेपर' चोविसाव्या स्थानीं गेला. जोनी मिचेल यांचा 'ब्लू' तिसाव्यावरून तिसरा झाला. हे तिन्ही आल्बम १९६७ ते १९७१ या काळांतले. मधल्या सतरा वर्षांत त्यांतील एक स्वरहि बदलला नव्हता. बदलले होते ते विचारले जाणारे कान.

या साऱ्या याद्यांहून निराळी अशी एक यादी बी. बी. सी. नें २९ जानेवारी १९४२ पासून, महायुद्धाच्या ऐन धामधुमींत, श्रोत्यांना ऐकविली. निर्जन बेटावर एकट्यानें राहावें लागलें तर कोणत्या आठ ध्वनिमुद्रिका जवळ ठेवाल, असा प्रश्न रॉय प्लॉम्ले पाहुण्यांना विचारीत. पुढें त्यांत आणखी एक प्रश्न आला: आठांपैकीं एकच राखतां आली, तर कोणती?

१९८२ च्या जानेवारींत, कार्यक्रमाला चाळीस वर्षें झालीं तेव्हां, पाहुणे होते पॉल मॅकार्टनी. जगांतील बहुतेक याद्यांच्या शिरोभागीं ज्यांचें नांव, त्यांनीं स्वतः बीटल्सचें एकहि गीत निवडलें नाहीं. एल्व्हिस प्रेस्ली, चक बेरी, लिटल रिचर्ड हे बाळपणींचे आदर्श त्यांत होते. वडिलांनीं रचलेली एक साधी धून होती. आणि एकच राखावयाची तर त्यांनीं जॉन लेनन यांचें 'ब्यूटिफुल बॉय' हें मुलासाठीं रचलेलें गीत निवडलें. ज्या मित्राशीं बेबनाव झाला, आणि ज्याची हत्या होऊन जेमतेम तेरा महिने लोटले होते, त्याचें तें गीत.

तें गीत जगांत कितवें, हें तेथें कोणी विचारलें नाहीं. दुकानदारांच्या, तज्ज्ञांच्या आणि यंत्रांच्या याद्या दुसऱ्यांचें मत सांगतात, म्हणून त्या वाचाव्यात आणि कोणाला विचारून केल्या हेंहि पाहावें. स्वतःची यादी मात्र ज्याची त्यानेंच करावयाची असते. तींत पहिला क्रमांक कोणाचा, हें सांगण्याचा अधिकार दुसऱ्या कोणासहि नाहीं.