व्यवसायकर आणि हाती पडणारे वेतन : अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या संदर्भात एक टिपण

उत्पन्नावरील कर बसविण्याचा अधिकार, शेतीचे उत्पन्न वगळता, भारतीय संविधानाने केंद्राकडे ठेविला आहे. तथापि नागापूरच्या औद्योगिक वसाहतीतील अथवा प्रवरानगरच्या साखर कारखान्यातील कामगाराच्या वेतनपत्रकात राज्याचीही एक वजावट आढळते. ती व्यवसायकराची होय. रक्कम अल्प असली, तरी तिच्यामागे दीर्घ इतिहास आहे.

कसबी लोकांवरील कर मराठी कागदपत्रांत ‘मोहतर्फा’ या नावाने येतो. हा शब्द ‘हिर्फा’, म्हणजे हुन्नर, या अरबी शब्दाच्या कुळातील आहे. मुंबई इलाख्यातील असे कर 1844 च्या 19 व्या कायद्याने रद्द झाले. परंतु कल्पना नष्ट झाली नाही. 1876-77 च्या दुष्काळाने नगर जिल्हा होरपळला. दौंड-मनमाड लोहमार्गाचे मातीकाम दुष्काळग्रस्तांना देण्यात आले आणि 1878 साली तो मार्ग खुला झाला. त्याच वर्षी दुष्काळनिवारणाच्या निधीसाठी मुंबई सरकारने व्यापारी व कारागीर यांवर परवानाकर बसविला. सरकारी नोकरांचे पगार मात्र त्यातून सुटले होते. सुरतेस या कराविरुद्ध दंगल उसळली. पुढे 1886 च्या प्राप्तिकर कायद्याने पगारही करकक्षेत आणिले.

शंभर वर्षांनी हाच संबंध पुन्हा जुळून आला. 1972 च्या दुष्काळात जिल्ह्यातील हजारो स्त्रीपुरुष खडी फोडण्याच्या व पाझर तलावांच्या कामांवर आले. वि. स. पागे यांच्या प्रेरणेने आकारास आलेल्या रोजगार हमी योजनेस द्रव्यबळ मिळावे म्हणून महाराष्ट्राने 1975 साली व्यवसायकराचा कायदा केला. रोजगार हमीस कायद्याचे रूप मिळून तो 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. 1878 च्या कराने पगारदारांस वगळले होते. 1975 च्या कराने त्यांच्याच वेतनातून दुष्काळी मजुराची मजुरी उभी केली. दोहोंतील हा भेद महत्त्वाचा आहे.

परंतु या कराच्या रचनेतच एक विषमता राहून गेली. संविधानाच्या 276 व्या अनुच्छेदाने या कराची वार्षिक मर्यादा प्रथम 250 रुपये ठरविली. 1988 च्या साठाव्या दुरुस्तीने ती 2,500 रुपये झाली. महाराष्ट्रात दरमहा 10,000 रुपयांहून अधिक वेतन असलेल्या पुरुषास दरमहा 200 रुपये व फेब्रुवारीत 300 रुपये, म्हणजे मर्यादेइतकाच पूर्ण कर, द्यावा लागतो. स्त्रियांना 2023 पासून 25,000 रुपयांपर्यंत सूट आहे. दरमहा 12,500 रुपये मिळविणाऱ्या पुरुष कामगाराच्या वार्षिक वेतनाचा सुमारे 1.67 टक्के भाग या करात जातो. दरमहा सव्वा लाख मिळविणाऱ्या अधिकाऱ्याचा केवळ 0.17 टक्के. रक्कम एकच, भार मात्र दसपट.

मर्यादेचा हेतू करदात्यास राज्याच्या अतिरिक्त आकारणीपासून संरक्षण देण्याचा होता. वेतने वाढत गेली, मर्यादा स्थिर राहिली. त्यामुळे ते संरक्षण मुख्यतः वरच्या वेतनश्रेणीस लाभले. दुष्काळी मजुरासाठी शहरी पगारदाराने वाटा उचलावा, हे तत्त्व न्याय्य होते यात शंका नाही. परंतु त्या वाट्याची वाटणी पगारदारांमध्ये न्याय्य झाली असे म्हणता येत नाही. हाती पडणाऱ्या वेतनाचा विचार करताना कराच्या हेतूइतकेच त्याच्या मापाकडेही लक्ष द्यावे लागते, ते याच कारणाने.